खांद्यावरची चार बोटं

१

फोटो हलवायचा असेल तर तो हलतो आहे हे बघणाऱ्याला कळता कामा नये. भैय्यालाल रामटेकेचं या बाबतीत एवढंच म्हणणं होतं, आणि गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी तो ते ऐकवायचा. रायपूर स्टेशनातून गाडी सुटते तेव्हा खिडकीतल्या माणसाला आधी वाटतं प्लॅटफॉर्मच सरकून राहिला. तसं झालं पाहिजे. धक्का बसला की समजावं, कोण्या गधड्याचं काम आहे.

बीरगांवात कारखान्यांच्या रस्त्याला लागून त्याचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. पाटीवर अजून स्टुडिओ लिहिलेलं होतं, पण स्टुडिओ कधीचा उठला. पासपोर्टचे फोटो आता लोक मोबाइलवर काढून घेतात. राहिलं होतं ते इतकंच. लोकांनी पिशवीतून घरचे फोटो आणायचे, भैय्यालालने ते कॉम्प्युटरवर चढवायचे आणि त्यांचा दहा मिनिटांचा सिनेमा करून पेन ड्राइव्हमध्ये द्यायचा. कुणाचा साखरपुडा, कुणाची रिटायरमेंट, नाहीतर कुणाला जाऊन वर्ष झालेलं. शिक्षण चौथी. तीही पुरी नाही, कारण शेवटचे दोन महिने तो ब्राह्मणपाऱ्यातल्या एका फोटोवाल्याकडे कागद कापत होता, आणि तिथल्याच कटरने उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नेलं. म्हणून माउस तो मधल्या बोटाने दाबायचा. जमतं का, असं कोणी विचारलं की म्हणायचा, तुले दहा बोटं देऊन काय जमलं ते सांग.

काम साधंच असतं. फोटो जिथून निघायचा तिथे एक खूण ठोकायची, जिथे थांबायचा तिथे दुसरी. शिकलेली पोरं त्याला की-फ्रेम म्हणतात, भैय्यालाल खिळा म्हणायचा. पहिला खिळा, दुसरा खिळा, मधलं सारं मशीन भरते. दोन्ही खिळे टोकाला जरा नरम करायचे, की फोटो हळूच निघतो आणि हळूच टेकतो. मग तो विरघळतो आणि त्याच्या पोटातून दुसरा वर येतो. नवीन लोक मध्ये चांदण्या उडवतात, पानं उलटवतात, फोटोला गरगर फिरवतात. त्यांना कानाखाली द्यायला कोणी उरलं नाही, एवढाच त्यांच्यात आणि त्याच्यात फरक, असं त्याचं मत होतं. विरघळण्याशिवाय दुसरं काही त्याने कधी केलं नाही.

तो स्वतः मात्र धक्क्यांनीच चालायचा. गुडघे गेलेले. खुर्चीतून उठायचं म्हणजे तीन टप्पे, आणि दर टप्प्याला गुडघे सुपारी फुटावी तसे वाजायचे. काखेत हात घालून, एक, दोन, तीन म्हणून कोणी उठवावं लागायचं. आधी कलावती उठवायची. आता भावना.

कलावती त्याची बायको. तिला जाऊन या रविवारी वर्ष होणार होतं. भावना त्यांची एकुलती एक पोरगी, छत्तिशीची, चौबे कॉलोनीतल्या एका शाळेत शिकवते. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. रविवारी विहारात कार्यक्रम ठरला होता. भन्तेजी येणार, वंदना होणार, मग सगळ्यांना खीर-पुरी. भावनाचं म्हणणं होतं, साऱ्या बीरगांवच्या गेलेल्या माणसांचे सिनेमे तुम्ही करता, मग आईचा काहून नाही? भैय्यालाल वर्षभर हव, हव म्हणत टाळत आला होता.

अडत होतं ते एका फोटोपाशी.

हाराच्या फोटोत जितं माणूस ठेवत नाहीत. कोणी लिहून दिलेलं नाही, पण ब्राह्मणपाऱ्यापासून इथपर्यंत सारे फोटोवाले पाळतात. घरचे लोक चार माणसांचा फोटो आणतात, एकावर बोट ठेवतात, आणि आपण बाकीचे कापून टाकायचे. कुठे कुणाचं कोपर राहतं, कुठे पदर राहतो, तो पुसून घ्यायचा. कलावती गेली त्या दिवशी भैय्यालालने हेच केलं. तिचा धड असा एकच फोटो होता, चार वर्षांपूर्वीचा, भावना शाळेत पर्मनंट झाली त्या दिवशी अंगणात काढलेला. कलावती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली, बाजूला भावना उभी, आणि भावनाचा हात आईच्या खांद्यावर. खांद्यावर कोणी हात ठेवला की कलावती न बघता आपला हात त्याच्यावर ठेवायची, ही तिची सवयच होती. फोटोच्या वेळीही तिने ठेवला होता. भैय्यालालच खेकसला, हात खाली घे, झाकून राहिलं सारं. म्हणून फोटोत तिचे दोन्ही हात मांडीवर.

त्या दिवशी बाहेर माणसं जमली होती, कोणी हार घेऊन उभं होतं, आणि आत भैय्यालाल भावनाला कापत होता. कापली. पण चार बोटं खांद्यावर राहिली. ती पुसायची म्हणजे तिथे साडीचा खांदा आपल्या हाताने रंगवायचा. ते त्याच्याने झालं नाही. आणि घाईघाईत त्याने पन्नास वर्षांत न केलेली चूक केली, कापलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला. ज्या मोबाइलने काढला तो आधीच भंगारात गेला होता. त्या फोटोतली भावना जगात कुठेच राहिली नाही. भिंतीवर हाराखाली कलावती आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्या पेरापर्यंतची चार बोटं.

२

बुधवारी सकाळी तो बसला. एप्रिल लागला होता, भावनाची शाळा सकाळची, घरात कूलर आणि कूलरच्या पंपाची टपटप एवढाच आवाज. सिनेमाची बाकी गाडी त्याने दोन दिवसांत जोडून टाकली होती. लांबून काढलेले, अर्धे हललेले फोटो, कुणाच्या तरी लग्नातली गर्दी आणि गर्दीत कलावती. शेवटी हा फोटो. पहिला खिळा पुऱ्या फोटोवर, दुसरा कलावतीच्या चेहऱ्यावर, मध्ये बारा सेकंद.

लावून पाहिलं. निघाला छान. पण चेहऱ्यावर टेकला नाही. चेहऱ्याच्या बाजूने जरा घसरून खांद्यावर टेकला, आणि मधोमध ती चार बोटं.

माउस सरकला असेल. त्याने दुसरा खिळा उपटला, नीट दोन डोळ्यांच्या मधोमध ठोकला, पुन्हा लावलं. खांदा. तिसऱ्यांदा त्याने सारंच पुसून पहिल्यापासून केलं. तरी खांदाच, आणि चाल इतकी मऊ की निघाला कधी हे त्यालाच कळलं नाही. एखाद्या नवीन माणसाने करून दिलं असतं तर भैय्यालालने त्याची पाठ थोपटली असती.

चौथ्यांदा बघताना त्याला दिसलं की बोटांच्या मागे गाठी आहेत. मूठ वळल्यावर वर येतात त्या हाडाच्या गाठी.

त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्या पेरापर्यंत बोटं, मग फ्रेमचं लाकूड. कॉम्प्युटरवर फोटो वेगळा उघडला. दुसऱ्या पेरापर्यंत. परत सिनेमा लावला. दहाव्या सेकंदाला फोटोची कड यायला पाहिजे होती आणि कडेच्या पुढे काळं. कागद संपला की संपला. इथे कड येतच नव्हती. कडेच्या जागी अंगणाची भिंत पुढे चालली होती, पोपडे आलेला चुना, आणि त्या भिंतीसमोर हाताच्या गाठी.

थांबलेल्या फोटोत नाहीत, हलत्यात आहेत.

मग त्याला सुचलं, आणि सुचल्यावर स्वतःचाच राग आला. मधलं सारं मशीन भरते, हे तोच जगाला सांगत आला होता. भावना म्हणाली होती की आजकालचं मशीन फोटोत नसलेलं आभाळही काढून देते, नसलेली झाडंही. मग हाताच्या गाठी काय मोठ्या. त्याने कॉम्प्युटर बंद केला, आत जाऊन कांद्यासोबत रात्री पाण्यात भिजवलेल्या भाताची बासी खाल्ली आणि झोपला. झोप चांगली लागली. स्वप्नात काही आलं असेल तर ते चुन्याच्या भिंतीसारखं होतं, लांबच लांब, आणि त्याला कड नव्हती.

३

भावना घरी यायची ती साऱ्या मोहल्ल्याला कळवून. आधी स्कूटीचं स्टँड आपटायचं. मग फाटकाची साखळी, मग दोन चपला दोन दिशांना, मग फ्रिजचं दार, मग स्टीलचा गिलास. पोट्टी आहे का लोखंडाचं दुकान, असं कलावती म्हणायची. भैय्यालालला घड्याळ बघावं लागत नसे. स्टँड वाजलं की दोन वाजून दहा मिनिटं.

गुरुवारी त्याने मान वर केली तेव्हा ती आतल्या दारात उभी होती. कधी आली, कळलं नाही. स्टँड वाजलं नव्हतं, साखळी वाजली नव्हती. कूलरमुळे असेल. पण कूलर कालही होता.

ती उजवा हात डाव्या हाताने चोळत होती.

"बाबा, हात सो गया है," ती म्हणाली. "कलाईपर्यंत. सकाळपासून."

"कॉप्या तपासून तपासून झालं असन."

"आज कॉप्या नव्हत्या."

झंडू बाम लाव, तो म्हणाला. तिने मान हलवली आणि आत गेली. फ्रिजच्या दाराचा आवाज आला नाही. गिलासाचा आला नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग उगाच हाक मारली. तिने ओ दिली, अगदी जवळून, पडद्याच्या पलीकडूनच.

तेव्हा त्याने सिनेमा लावला. लावायचा नाही असं सकाळी ठरवलं होतं. फोटो निघाला, सरकला, खांद्याशी आला. बोटं, गाठी, पंजा. पंजाच्या मागे मनगट होतं आणि मनगटावर घड्याळ. हिरव्या पट्ट्याचं.

भावनाने ते घड्याळ गेल्या दिवाळीत घेतलं होतं. पट्टा हिरवा काहून घेतला म्हणून भैय्यालालने तिला दोन दिवस बोलणी दिली होती, पोपट बांधला का हाताले म्हणून. फोटो चार वर्षांपूर्वीचा. कलावतीला जाऊन वर्ष. ते घड्याळ कलावतीने कधी पाहिलं नाही.

मशीन आभाळ काढून देईल, झाडं काढून देईल. पण भावनाने काय घेतलं हे मशीनला कोणी सांगितलं?

त्याने हिशेब लावून पाहिला. भावनाच्या मोबाइलचे फोटो याच वायफायवर येतात, त्यातून घड्याळ उचललं असेल. लागत होता हिशेब. पण मनगटापर्यंतच हात झोपला, हे त्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

४

शुक्रवारी त्याने तो फोटो सिनेमातून काढून टाकला. दुसरा खिळा, पहिला खिळा, मग फोटोच. शेवट लग्नातल्या गर्दीवर केला. लावला. गर्दी आली, सरकली, विरघळायला लागली आणि विरघळता विरघळता तिच्या पोटातून प्लॅस्टिकची खुर्ची वर आली. भैय्यालालने हात लांब करून भिंतीतला प्लगच उपटला.

त्याच वेळी फाटक वाजलं आणि धम्मदीप आला. हा विहाराचं सारं बघतो, कारखान्यात फोरमन आहे, रविवारची मांडणी त्याच्याकडे होती. तो उभ्या उभ्याच सांगायला लागला की काका, सिनेमा एक नंबर. बुधवारी तुम्ही झोपला होता, भावनादीदीने तुमच्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला, आणि त्याने तो विहाराच्या टीव्हीवर लावून पाहिला. आज सकाळी परत लावला, बायकोला दाखवायला. शेवटचा फोटो तर काय सुंदर चालते. दीदीचा पूरा हात येते ना त्यात, कोपरापर्यंत.

भैय्यालालने विचारलं, बुधवारी कुठपर्यंत होता?

धम्मदीप डोकं खाजवून म्हणाला, "बुधवारी? ध्यान नाई दिलं काका. चालतेच इतकं स्मूथ, कुठं पाहावं कळत नाई."

म्हणजे प्लग उपटून काही होणार नव्हतं. इथला बंद केला तर तो तिथे चालत होता. आणि तिथलाही फोडून टाकला, तरी आता भैय्यालालला वाटत होतं की तो चालतच राहील, फक्त कुठे ते कळणार नाही.

दुपारी भावना जेवायला वाढत होती. स्वयंपाकघरापासून त्याच्या खुर्चीपर्यंत लांब बोळ आहे, त्याच्या टोकाला ती उभी राहिली, ताट हातात, डाव्या हातात, आणि त्याच्याकडे आली. भैय्यालाल बघत होता. आयुष्यभर तेच तर बघत आला होता. जितं माणूस निघताना दचकतं, थोडं पुढे कलतं, पाय शोधतं. थांबताना थोडं जास्त जातं आणि मागे येतं. दर पावलाला खांदा वर-खाली होतो. भावना बोळाच्या टोकाला लहान होती. मग ती मोठी होत गेली. मध्ये पावलं नव्हती.

ताट त्याच्या मांडीपाशी येऊन टेकलं. इतकं हळू, की वरणावर सुरकुती पडली नाही.

ती वळून परत निघाली तेव्हा त्याने स्टीलचं रिकामं पातेलं मुद्दाम फरशीवर सोडलं. केवढा तरी आवाज झाला, बाहेर कुत्रं उठून भुंकायला लागलं. भावना दचकली नाही. तिची मान वळायला लागली. हळूच निघाली, मध्ये एकसारखी, शेवटी नरम, आणि त्याच्याकडे येऊन टेकली.

"बाबा," ती म्हणाली, "काही पडलं का?"

तिचा चेहरा शांत होता. सुंदरच दिसत होती खरं तर. फोटोत दिसतात तशी.

हात कसा आहे, त्याने विचारलं. कोपरापर्यंत गेलं, ती म्हणाली, पण दुखत नाही. उलट बरं वाटतं. कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

५

शनिवारी ती शाळेत गेल्यावर तो भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. उठायला भिंतीचा, टेबलाचा, शटरच्या दांड्याचा आधार घ्यावा लागला, आणि गुडघ्यांनी साऱ्या घराला सांगितलं. मेलेल्या माणसाच्या फोटोशी बोलणाऱ्या लोकांना तो जन्मभर हसत आला होता. गिऱ्हाइकांच्या बायका दुकानातच फोटोशी बोलायला लागायच्या, तेव्हा तो म्हणायचा, घरी नेऊन बोला, इथं लाईन लागली आहे.

"कला," तो म्हणाला, "पोट्टीले सोड."

कूलरचा पंप टपटपत होता. कलावती मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. फोटोवाल्याने सांगितलं तसं.

"तिचं काय जायचं वय आहे का. आणि चूक माही होती. मीच तिले अर्धी कापून ठेवली तुह्यापाशी."

मग त्याला लाज वाटली आणि तो खुर्चीत येऊन बसला. कलावतीचं काही चुकत होतं असं त्याला वाटत नव्हतं. कुणाचा तरी हात खांद्यावर वर्षभर ठेवला, मागून माणूसच नाही. ती बघणारच ना हात कुणाचा आहे ते. हे त्याच्या डोक्यात आलं तसंच गेलं. तो विचार करणारा माणूस नव्हता, काम करणारा होता. आणि कामाच्या हिशेबाने गोष्ट साफ होती. एकदा निघालेला फोटो धक्का देऊन थांबवता येत नाही. पण विरघळवता येतो. एक जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. तेवढंच तर त्याला येत होतं.

तीच प्लॅस्टिकची खुर्ची त्याने अंगणात ओढत नेली, त्याच भिंतीशी. भावनाचा जुना मोबाइल स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला, आणि लंगडत जाऊन खुर्चीच्या बाजूला उभा राहिला, भावना उभी होती तिथे. उजवा हात पुढे केला. खुर्ची रिकामी, त्यामुळे हात हवेतच. पण किती उंचीवर ठेवायचा हे त्याला मोजावं लागलं नाही.

ऊन चांगलंच होतं. मोबाइलने टिक केलं. हाताच्या पाठीला ऊन लागत होतं, तळहात मात्र गरम नव्हता, गारही नव्हता.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि स्वतःला कापलं. डोकं, छाती, खांदा, कोपर, सारं. चार बोटं ठेवली. त्याच्या हाताची होती म्हणून साडेतीन म्हणा. मग, या वेळेला घाईत नाही, चष्मा पुसून, नीट बघून, मूळ फोटोवरच सेव्ह केलं. मोबाइलमधला पुसला. मशीन विचारते, नक्की का? नक्की, त्याने मधल्या बोटाने दाबलं.

प्लग लावून सिनेमा उघडला. शेवटचा फोटो आपल्या जागेवर होता, कोणी काढलाच नव्हता जसा. भावनाचा हात आता दंडापर्यंत आला होता, आणि दंडाच्या पलीकडे, कडेला, ओढणीचा हिरवा काठ. आज सकाळी ती हीच ओढणी घेऊन गेली होती. त्याने त्याच्यावर आपली बोटं ठेवली, जुळवली, दोन्ही टोकं नरम केली. विरघळायला पुरे दोन सेकंद दिले.

चालवलं.

एका खांद्यावर दोन हात दिसले. एक पातळ होत होता, त्यातून साडीची किनार दिसत होती. दुसरा भरत होता. मध्ये एक क्षण असा आला की कुठला कुणाचा हे सांगता आलं नसतं. मग एकच राहिला, पहिलं बोट आखूड.

बाहेर स्टँड आपटलं. साखळी. दोन चपला, एक दाराला लागली. फ्रिजचं दार, आणि पाठोपाठ स्टीलचा गिलास फरशीवर पडून लोळत लोळत बोळापर्यंत आला.

"अरे यार," भावना आतून म्हणाली. "बाबा, पूरे हाताले मुंग्या आल्या. काही धरताच येऊन नाही राहिलं."

ती हात झटकत, नाक मुरडत, धपधप पाय आपटत आली, दाराच्या चौकटीला कोपर लागलं म्हणून कळवळली. भैय्यालालने तिला नवीन पेन ड्राइव्ह दिला, धम्मदीपला नेऊन दे म्हणाला, जुना परत आण. ती कुरकुर करत गेली. स्कूटी दोनदा नाही लागली, तिसऱ्यांदा लागली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात तिचं मागचं मडगार्ड खडखडलं, ते त्याने कान देऊन ऐकलं.

६

रविवारी सकाळी दहाला विहार भरलेला होता. पांढरे कपडे, उदबत्ती, मागे खिरीचा वास. सारे खाली सतरंजीवर, भैय्यालालला गुडघ्यांसाठी पुढे एक खुर्ची. अंगात भावनाने आणलेला नवीन पांढरा सदरा. बाह्या लांब म्हणून सकाळी त्याने कटकट केली होती, आणि मनगटाचं बटण तुटलं म्हणून भावनाने ते घाईत काळ्या दोऱ्याने लावून दिलं होतं. पांढरा दोरा सापडला नाही. पांढऱ्या सदऱ्यावर काळा दोरा, यावरूनही त्याने दोन शब्द ऐकवले.

धम्मदीपने सिनेमा लावला. लग्नातली गर्दी, गर्दीत कलावती. बाया डोळे पुसायला लागल्या. भावना त्याच्या खुर्चीशी खाली बसली होती आणि हुंदक्यांनी गचके खात होती, मध्येच नाक शिंकरत होती. भैय्यालालला ते गचके फार बरे वाटत होते. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

शेवटचा फोटो आला. निघाला कधी, कोणाला कळलं नाही. खांदा, खांद्यावर हात.

भावना थबकली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "इथं तर माझा हात होता ना. आईसोबत तुमचा तर एकही फोटो नव्हता. तुम्हीच काढायचे ना सगळे. हा कधीचा?"

"कालचा."

"मस्करी नका करू."

तो बघत होता. बोटं, एक आखूड. गाठी. मनगट, आणि मनगटाशी पांढऱ्या बाहीचं टोक. बाहीला बटण, बटणाला काळा दोरा. त्याने आपल्या मनगटाकडे बघितलं नाही. तिथे काही वाटत नव्हतं, मुंग्या नाहीत, दुखणं नाही. बारा सेकंद कधीच होऊन गेले असावेत. फोटो थांबत नव्हता, आणि साऱ्या विहारात एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं, इतका तो छान चालला होता.

मग त्याला दिसलं की कलावतीचा एक हात मांडीवर नाही.

तो उठताना दिसला नाही. सुरुवात अशी नव्हतीच. पदराच्या घडीवरून, गळ्यातल्या मण्यांवरून तो वर येत होता, आणि ती समोरच बघत होती, न बघता, तिच्या सवयीने.

झाकून राहिलं सारं, असं कोणी म्हणालं नाही.

टीव्ही काळा झाला. भन्तेजींनी खूण केली आणि सारे वंदनेसाठी उठायला लागले. सतरंजी सरकली, बांगड्या वाजल्या, कुणाचं तरी लेकरू रडलं. भावना डोळे पुसून वळली, नेहमीसारखी वाकली, त्याच्या काखेत हात घालायला.

"चला बाबा. एक, दोन..."

तिचा हात खुर्चीच्या रिकाम्या पाठीवर पडला. भैय्यालाल केव्हाचा उभा होता. गुडघे वाजले नव्हते.